सुताला पेज पाजणारा कवडू

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतला कवडू विणकर एका कॅलेंडरपायी कोकणात गेला, हे आज सांगितलं तर नातवंडं मलाच हसतात. पण गेला, हे खरं. सुताच्या व्यापाऱ्यानं एकाहत्तर सालचं कॅलेंडर दिलं होतं. त्यावर निळं पाणी, वाकलेला माड आणि पांढरी वाळू. नागपूरचा सगळा मे महिना कवडूनं त्याच्याकडं बघत काढला, आणि दिवाळी होताच वेंगुर्ल्याची वाट विचारू लागला.

"पाच रुपये महिन्यानं घर, अन् समुद्र फुकट!" तो मला म्हणाला. "इथं गल्लीत वीस माग, तिथं मी एकटा. काहून नाही जायचं गा?"

त्याची बायको गोपिका चुलीपाशी ऐकत होती. "जा नं," ती म्हणाली. "तिथं विणलेलं लुगडं मले धाडा. ते नेसूनच मी येईन. नाही जमलं, तं वापस या अन् गल्लीचं हासणं ऐका."

झालं! दोघांचा संसार एका नऊवारीवर टांगला गेला.

मी चौथी पास, म्हणून कवडूची पत्रं वाचून घ्यायला गोपिकावहिनी माझ्याकडं यायची. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'समुद्र आपल्या तलावाहून मोठा आहे.'

"एवढं तं मले इथं बसूनही ठाव हाये," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या पत्रात रडगाणं. विणण्याआधी सुताला खळ लावावी लागते, नाहीतर धागा तुटतो. आम्ही त्याला सूत पाजणं म्हणतो. नागपुरात चहा पिऊन होईस्तोवर सूत खडखडीत वाळतं. तिथल्या दमट हवेत ते तीन दिवस ओलं, अन् चौथ्या दिवशी हिरवी बुरशी! कवडू तांदळाची पेज करून सुताला चोपडत होता, ते घरमालकीण बायजाबाईनं पाहिलं.

"अरे, पेज माणसान जेवची! सुताक कित्याक पाजतंस?"

बिचारा उपाशी आहे असं समजून ती त्याला रोज वाडगाभर पेज देऊ लागली. कवडू वाढला, लुगडं काही वाढेना.

"येतात आता वापस," वहिनी म्हणाली. पण हसली नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

शेवटी बायजाबाईनंच तोड काढली. चुलीवर बांगडे वाळायला टांगले होते, त्यांच्या शेजारी तिनं सुताच्या लड्या टांगल्या. सूत वाळलं, माग चालला, अन् होळीच्या आधी पार्सल आलं. हिरवंगार लुगडं, करवतकाठी! वहिनीनं घडी उलगडली मात्र, अर्धी गल्ली नाकाला पदर लावून मागं सरकली.

ती ते नेसून नळावर गेली, तर मागं चार मांजरी. बाया हसून हसून लोळल्या.

चौथ्या दिवशी ती माझ्याकडं आली. अंगावर तेच लुगडं, हातात पेटी.

"भाऊजी, कागद घ्या. लिहा, मी येऊन राहिली."

"काहून वं वहिनी?"

"इथं मांजरी मागं लागतात. तिथं सगळ्यायलेच हा वास, मले कोण हासन?"

"एकदा धुवून तं पाहायचं होतं," मी म्हटलं.

"धुतलं अन् वास गेला तं?" वहिनी म्हणाली. "मंग जायाचा बहाणा गल्लीले कोणता सांगू?"