उन्हाआधीची जिलेबी

हिवरखेडच्या पार्वताबाईंची अर्धशिशी यायची तीच मुळी नटूनथटून. आधी डोळ्यांपुढं पिंजलेला कापूस तरंगायचा, त्याच्या कडा लुकलुकायच्या, हळूहळू अर्धं जग त्यात बुडायचं. मग कपाळ ठणकायचं, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारी ही बाई स्वप्नात असल्यासारखी गप्प व्हायची.

एकोणीसशे अडतीस साली अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या रक्तातली साखर तपासायचं ठरवलं. "सकाळी उपाशीपोटी या," असं बजावलं. तपासली तर साखर भलतीच चढलेली!

"काय खाल्लं होतं?"

"मी काहून खाईन? उपाशीच आली मी. फक्त अर्धशिशीचं औषध घेतलं. ऊन पडायच्या आधी, दुधात भिजवलेली जिलेबी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "उद्या औषधही नको."

दुसऱ्या दिवशी बाई निरंकार उपाशी आल्या. रक्त काढेपर्यंत दवाखानाभर कापूस तरंगू लागला होता. या खेपेला साखर पार तळाला गेलेली. डॉक्टर स्वतःच जाऊन दूध आणि गरम जिलेबी घेऊन आले.

बाईंनी एक डोळा किलकिला करून खिडकीकडं पाहिलं.

"ऊन पडलं, डॉक्टरसाहेब. आता ते औषध नाही, खाणं आहे. अन् तुमीच मले उपाशी राहाले सांगतलं."