चावी माझ्याकडे, कुलूप त्यांच्याकडे

नवं कुलूप आणलं की बसमध्ये शेजारी बसताच काकाजी आधी माझी मूठ उघडायचे, तळहातावर एक चावी ठेवायचे आणि मूठ पुन्हा मिटवायचे. "मी मांगितली तरी देऊ नोको गा," एवढं बजावलं की मग त्यांच्या पिशवीतून एक कुलूप आणि दोन वाकड्या तारा बाहेर यायच्या.

हिंगण्याच्या आमच्या कंपनीत ते टूलरूम सांभाळायचे, मी डिस्पॅचला. कंपनीची बस गेटवर पोचेपर्यंत पाऊण तास जायचा. बाकीचे झोपायचे, नाहीतर मोबाईल बघायचे. हे कुलपं उघडायचे. चोरी-बिरी नाही हं, तुमच्याही मनात तेच आलं असेल म्हणून सांगतो. नुसता छंद. कुलूप स्वतः विकत घेतलेलं, आणि चावीचे दात ज्या उचलतात त्या आतल्या खिळ्या तारांनी एकेक चाचपत बसायचं. चावी जवळ असली की मोह होतो, म्हणून ती माझ्याकडे.

एकदा साहेबांच्या कपाटाची चावी हरवली. साहेबांनी काकाजींना बोलावलं. आता गंमत बघायची म्हणून आम्ही सगळे जमलो. काकाजी कपाटापाशी गेले, हात मागे बांधून कुलूप न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, हे ड्युटीवर आहे. ड्युटीवरच्या कुलपाले मी हात लावत नाही." शेवटी ते कटरने कापावं लागलं. कटर काकाजींनीच काढून दिला, रजिस्टरमध्ये साहेबांची सही घेऊन.

कुलूप घ्यायला इतवारीच्या बाजारात जाताना ते मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. दुकानदार भलंमोठं, वजनदार कुलूप पुढे करायचा. हे म्हणायचे, मजबूत नको, अवघड दाखवा. दुकानदाराला हे गिऱ्हाईक काही झेपायचं नाही. काकाजी कुलूप बाजूला सारून नुसती चावी बघत बसायचे. दात सारखे असले की नापसंत. एक दात खोल आणि त्याला लागूनच एक उंच, अशी वेडीवाकडी चावी दिसली की चेहरा खुलायचा. स्वतःच्या मुलाच्या सोयरिकीतही त्यांनी एवढं निरखून पाहिलं नसेल.

चार खिळ्यांचं झालं, पाचांचं झालं. रिटायरमेंटला सहा महिने उरले असताना त्यांनी सहा खिळ्यांचं एक पितळी कुलूप आणलं. त्यातल्या काही खिळ्या डमरूसारख्या, मधे बारीक. त्यामुळे कुलूप जरासं फिरायचं, उघडलं असं वाटायचं आणि तिथेच अडायचं. "फसवून राहिलं मले," असं ते कौतुकाने सांगायचे.

रिटायर व्हायच्या आत हे उघडणारच, असं त्यांनी अख्ख्या बसला सांगून टाकलं, तिथे घात झाला. रोज कोणी ना कोणी विचारायचं, झालं का? पाच महिने गेले. कौतुक सरलं, तारा धरताना त्यांच्या हाताला घाम यायला लागला. मला ते बघवेना.

मग मी शहाणपणा केला. इतवारीतून हुबेहूब तसंच दिसणारं, पण आत साध्या खिळ्या असलेलं कुलूप आणलं आणि चहाच्या सुट्टीत त्यांच्या पिशवीत बदलून ठेवलं. परतताना दोन मिनिटांत ते खटकन उघडलं. बसभर टाळ्या पडल्या. काकाजी मात्र कुलपाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"हे माहं नाही," ते हळूच म्हणाले. "काहून केलं गा असं?"

दुसऱ्या दिवशी त्यांचं कुलूप परत दिलं, पण आठ दिवस ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. मला फार लाज वाटली. नवव्या दिवशी माझ्या शेजारी येऊन टेकले आणि चावी आहे ना, एवढंच विचारलं. मी दाखवली. त्यांनी माझी मूठ मिटवली.

रिटायर झाले तेव्हाही ते कुलूप बंदच होतं. शाल, नारळ आणि कुलूप घेऊन काकाजी भिवापूरला गावी गेले. उघडलं की फोन करीन, मग चावी फेकून दे, असं आमचं ठरलं.

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. नाही उघडलं, इथून सुरुवात. मग त्यांची मिरचीची तोडणी, माझ्या पोराची परीक्षा, बसमध्ये त्यांच्या जागेवर आता कोण बसतं. अर्धा तास सहज जातो.

मागच्या रविवारी दारात कोणी आलं म्हणून ते मधेच उठले आणि फोन काकूंनी घेतला. आवाज बारीक करून म्हणाल्या, "भाऊ, ते कुलूप पोळ्यालेच उघडलं. दर रविवारी पुन्हा लावतेत अन् तुमाले फोन करतेत. मी बोलली म्हणून सांगू नका."

मला त्यांना दोन मिनिटंही फसवता आलं नव्हतं. त्यांनी मला पोळ्यापासून फसवलं होतं. हसू आलं, आणि फोन कानाला असतानाच त्यांची फार आठवण आली.

काकाजी परत फोनवर आले.

"मग काकाजी, काही हललं का?" मी विचारलं.

"कुठं गा. भलतंच जिद्दी आहे," ते म्हणाले. "चावी जपून ठेव."

"जुडग्यातच आहे," मी म्हणालो. "तुम्ही मांगितली तरी देणार नाही."