दुमजली घरासाठी सेव्हियाची पायपीट

सिडनीच्या विमानतळावर माझ्या नावाची चाकाची खुर्ची येऊन उभी होती. ती मी मागवलेली नव्हती. मागवली होती माझ्या नवऱ्याने, विलासने, मला न सांगता. खुर्ची घेऊन आलेली बाई हसतमुख होती, तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी आमच्या दोन्ही बॅगा त्या खुर्चीत बसवल्या आणि शेजारून चालत निघाले.

"नो वरीज," बाई म्हणाली आणि बॅगांना ढकलत गेटपर्यंत आली. विलास मागून मुकाट येत होता.

या प्रवासाची तिकिटं मी पडण्याच्या आधीच काढलेली होती. गेल्या वर्षी घराच्या जिन्यावरून मी खाली आले ती पायांनी नाही, गडगडत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि उजवा पाय डाव्यापेक्षा बोटाच्या जाडीएवढा आखूड झाला. पॅरामॅटाजवळचं आमचं घर दुमजली आहे. वरच्या मजल्यावर आमची खोली, देवघर आणि माझ्या मोगऱ्याच्या कुंड्या. पडल्यापासून मी वर गेले नव्हते. पलंगाची गादी खाली दिवाणखान्यात आली आणि विलासने घर विकून बैठं युनिट (छोटं एकमजली घर) घ्यायचं मनात घेतलं. एजंट येऊन मोजमापंसुद्धा करून गेला. मी मोगऱ्याला पाणी घालायला नवऱ्याला वर पाठवत होते, आणि तो मेला रोज जास्त पाणी घालत होता.

शेवटी निघायच्या आदल्या आठवड्यात, सेव्हियात दिवसभर पायी फिरून शेवटी मनोऱ्यावर चढायचा मी आखलेला बेत बघून, आमचं जोरदार वाजलं आणि त्यातून पैज निघाली.

"तो सेव्हियाचा सगळा रूट तू चाललीस ना, विदाउट टॅक्सी," विलास म्हणाला, "आणि त्या टॉवरच्या टोकाला पोचलीस, तर मी एजंटला नाही सांगतो. नाहीतर घर लिस्ट करायचं. डील?"

"डील," मी म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे माझ्या आईचं माझ्याबद्दलचं जुनंच मत आहे.

माद्रिदहून आगगाडीने अडीच तासांत सेव्हिया (स्पेनच्या दक्षिणेतलं जुनं शहर) आलं. ऑक्टोबर होता, तरी ऊन चांगलं तापलेलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्यांची झाडं, फळं अजून हिरवी. आल्या दिवशी आम्ही फक्त झोपलो. चालायचं ठरलं दुसऱ्या दिवशी, शनिवारी. विलासने पाठीला एक घडीचं स्टूल बांधलं. कॅम्पिंगला नेतात तसलं, खास माझ्यासाठी विकत घेतलेलं. असा स्टूलधारी नवरा घेऊन मी सकाळी नऊला निघाले.

सुरुवात केली ती प्लासा दे एस्पान्यापासून (प्लासा म्हणजे चौक). चौक कसला, अर्धवर्तुळाकार राजवाडाच तो. खाली पाण्याचा कालवा, त्यावर रंगीत फरश्यांचे छोटे पूल, आणि भिंतीला लागून स्पेनच्या एकेका प्रांताची चित्रांनी सजवलेली बाकं. बसायला इतकी बाकं असताना विलासने स्टूल उघडलंच. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर घोडागाडीवाल्याने आम्हाला हेरलं. माझं किंचित लंगडणं बघून तो थेट माझ्याकडे आला आणि टोपी काढून म्हणाला, "सेन्योरा, राणीसारखी नेतो!" मी मान हलवली. विलास त्या घोड्याकडे फार प्रेमाने बघत होता.

तिथून बागेतल्या सावलीतून नदीकाठी आलो. ग्वादाल्किविर नदीचं नाव तीनदा म्हटल्यावर नीट जमलं. काठावर तोर्रे देल ओरो (सोन्याचा मनोरा) उभा आहे. सोनं-बिनं काही नाही, पण उन्हात दगड पिवळाधमक दिसत होता. माझ्या बुटात फिजिओने उजव्या पायाच्या मापाने करून दिलेला जाड तळ होता, त्यामुळे दोन्ही पाय सारखे पडत होते. मी अगदी झोकात चालत होते. दोन वाजता जेवायला बसलो तेव्हा अर्ध्याहून जास्त वाट मागे पडली होती. वाढपी बाईने पालक आणि काबुली चण्यांची जिरं घातलेली भाजी आणली. पहिल्या घासाला मी आणि विलासने एकमेकांकडे बघितलं. आमच्याच घरची भाजी, फक्त पोळीऐवजी पाव. दोन बशा संपवल्या.

आता राहिल्या होत्या सांता क्रूझच्या गल्ल्या आणि शेवटी कॅथेड्रलचा मनोरा. या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही घरांना लागतील. एका वळणावर छोटंसं देऊळ लागलं. चॅपल म्हणायला हवं, पण मला ते देऊळच वाटलं. आत मखमली शालू नेसलेली, दागिन्यांनी मढलेली मेरीमाता, गालावर काचेचे अश्रू, पुढे मेणबत्त्या. वीस वर्षं ऑस्ट्रेलियात काढली, कितीतरी लग्नांना चर्चमध्ये बुटांसकट गेले. पण तिथे बाकं आणि फुलं असायची, इथे देवी होती. हातांनी आपोआप नाड्या सोडल्या. पायरीवर काही कापडी पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या, त्यांच्या शेजारी मी माझे बूट नीट जोडून ठेवले आणि आत गेले. विलास गल्लीतल्या दुकानात फरश्या बघत बसला.

पाच मिनिटांत बाहेर आले तर पिशव्या नाहीत आणि बूटही नाहीत.

समोरच्या दारात ऐंशीच्या पुढची एक आजी झाडू घेऊन उभी होती. माझे मोजे बघून तिने तोंडावर हात मारला. विलासने फोन पुढे केला, आजी त्यात स्पॅनिश बोलली आणि फोनने भाषांतर केलं. शनिवारी लोक गरिबांसाठी जुने कपडे चॅपलच्या पायरीवर ठेवतात. गाडी आत्ताच येऊन सगळं घेऊन गेली होती. माझे बूटही दानात गेले.

"संपलं," विलास म्हणाला. "तो सोल नसताना तू एक पाऊल टाकायचं नाहीस. मी टॅक्सी बोलावतो. पैज कॅन्सल."

मला रडू येत होतं. सगळा दिवस चालून मनोरा दोन गल्ल्यांवर आला होता, आणि मीच माझ्या हाताने बूट काढून दिले होते. पण टॅक्सी शब्द ऐकला आणि अंगात आलं.

"शनिवारी देवळातनं चपला गेल्या की पीडा गेली म्हणतात आपल्यात," मी म्हणाले. "तू टॅक्सी बोलावून ती परत आणू नकोस."

आजीचं नाव कार्मेन. आमचा सूर तिला बरोबर कळला असावा. तिने मला हाताला धरून आत खुर्चीवर बसवलं, "इहा" (पोरी) म्हणाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. मी खुब्यावर हात ठेवून दोन बोटांनी उंचीतला फरक दाखवला. तिने लगेच घागरा वर करून आपल्या गुडघ्यावरचा लांब व्रण दाखवला. मग कपाटातून आल्पार्गाता (दोराच्या तळाचे कापडी बूट) काढले. टेबलावरच्या गरम भांड्याखालची बुचाची चकती घेतली, माझं पाऊल तिच्यावर ठेवून कात्रीने कापली आणि उजव्या बुटात सारली. मी उभी राहिले. दोन्ही पाय सारखे! मी त्या बाईला मिठी मारली.

कॅथेड्रलच्या मनोऱ्याला हिराल्दा म्हणतात. मी तो निवडला होता तो एका खास कारणाने. त्याला पायऱ्या नाहीत, रॅम्पसारखी चढण आहे. जुन्या काळी हा मशिदीचा मिनार होता आणि बांग द्यायला जाणारा माणूस घोड्यावरून वर जायचा, असं सांगतात. प्रत्येक वळणाला भिंतीवर आकडा आहे. दहापर्यंत मी गप्पा मारत गेले. वीसनंतर गप्पा बंद झाल्या. पंचवीसला विलासने स्टूल उघडलं आणि तो स्वतःच त्यावर बसला. चेहरा लालबुंद झाला होता. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत मी खिडकीतून संत्र्यांची झाडं बघितली.

आणि सगळ्यात वर, चढण संपली तिथे, पायऱ्या होत्या. सतरा. मी मोजल्या.

हे मी कुठे वाचलंच नव्हतं. हॉस्पिटलातल्या सरावाच्या लाकडी पायऱ्या सोडल्या तर पडल्यानंतर मी एकही जिना चढले नव्हते. खरं सांगते, मला भयंकर भीती वाटली. घर विकायचं तर विलासने फक्त "चल खाली" म्हणायचं होतं. तो ते म्हणाला नाही.

चांगला पाय आधी वर, असं फिजिओने शिकवलं होतं. डावा वर टाकला, उजवा त्याच्याजवळ आणला. परत डावा. मागे वळून पाहिलं तर विलास दोन्ही हात पसरून चढत होता, मी कोसळले तर झेलायला.

"हात खाली कर, लोक बघतायत," मी म्हणाले.

"बघू दे," तो म्हणाला.

सतरावी पायरी संपली आणि डोक्यावर घंटा, चहूकडे सेव्हिया! खाली नदी, सोन्याचा मनोरा, बागेची हिरवळ, दिवसभर पायांखालून गेलेली सगळी वाट एका नजरेत. "जिंकले!" मी अस्सल मराठीत ओरडले. शेजारच्या स्पॅनिश घोळक्याला काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

परतताना आल्पार्गाता द्यायला गेले तर कार्मेनआजीने हात मागे घेतले. तेच घालून मी सिडनीला उतरले. या वेळी खुर्ची आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासने माझ्यासमोर एजंटला फोन लावला. "सॉरी मेट, वी आर नॉट सेलिंग," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. मग दिवाणखान्यातली गादी उभी केली आणि ढकलत जिन्यापाशी नेली. मी कठडा धरून पुढे गेले, डावा आधी, उजवा मागून, आणि वर पोचून खाली पाहिलं. गादी अर्ध्या जिन्यात अडकली होती आणि तिच्यामागून विलासच्या धापा ऐकू येत होत्या. गादीच्या कडेवरून त्याचं डोकं वर आलं. त्याने मला वरच्या दारात उभी पाहिली आणि तो रडायलाच लागला. त्या दिवशी मला जिन्याखाली पडलेली पाहणारा तोच होता. वर्षभर त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, आणि मी आपली त्याच्याशी भांडत होते. पैज हरून इतका खूश झालेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता.