खाण कोणी बंद पाडली

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

सावंतवाडीकडच्या आमच्या गावात लोखंडाची खाण होती. नवरा तिथे डंपर चालवायचा, मी कँटीनमध्ये जेवण करायचे. घराघरातलं कोणी ना कोणी खाणीवर होतं. फक्त गावातून वाहणाऱ्या व्हाळाचं पाणी तांबडं झालं होतं. शेजारचे भिकूकाका त्यावरून सगळ्यांशी भांडायचे — त्यांच्या भातात चिखल साचायचा.

एकदा तपासणीला साहेब आले. जेवून हात धुताना एकाने मला विचारलं, खाणीतलं पाणी सोडतात कुठे? मी त्याला कँटीनच्या मागे नेलं आणि व्हाळात जाणारा चर दाखवला. खरं तेच दाखवलं ना?

पुढे परवाना स्थगित झाला. डंपर उभे राहिले ते राहिलेच. गॅरेज बंद, चहाची टपरी बंद, कँटीन बंद. तरुण पोरं गोव्याला हॉटेलांत कामाला गेली.

आणि गावाने ठरवलं — भिकूकाकांनीच कागाळी केली. काकी वारल्या तेव्हा खांदा द्यायला गावातलं कोणी गेलं नाही. माझा नवराही नाही. इन्सुलीहून त्यांचे मेहुणे येईपर्यंत काकी अंगणातच होत्या. मी खिडकीतून बघत होते. काय झालं असतं मी बोलले असते तर? आम्हालाही वाळीत टाकलं असतं — एवढंच ना?

नंतर काका विहिरीवर भेटले. म्हणाले, "सुमन, मी कोणाक कायएक सांगूक नाय गो. तुका तरी पटता मां?"

मी घागर भरत राहिले. म्हटलं, "माका काय म्हायत, काकानू."

ते लेकीकडे वालावलीला राहायला निघाले. जाताना आमच्या दारात आले. नवरा तेव्हा घरी बसून होता. काका त्याला म्हणाले, "माझी काजूची बाग तू बघ. जा काय उत्पन्न येतला ता तुझा. घरात चूल पेटाक होयी." ज्याने त्यांच्या बायकोला खांदा दिला नाही, त्याला. नवऱ्याने मान खाली घातली. मी चहा ठेवायला आत गेले, आणि आतच थांबले.

त्या बागेवर आमचं घर अजून चालतं.

काका वारल्याचं कळलं तेव्हा मी वालावलीला गेले. त्यांची लेक माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "गावातली तू एकटीच इलंस."

तेव्हाही मी बोलले नाही.