ठोंब्या ऐकत नाही

आमच्या वन्सं कमी बोलतात, तो त्यांचा स्वभाव असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे त्यांच्या तोंडात सतत चुका असतात. बोलण्यातल्या नव्हेत, लोखंडाच्या. खुर्चीच्या लाकडावर कापड ठोकायचे ते बारीक खिळे. जुने सोफे, खुर्च्या मढवून देणं हा वन्संचा धंदा. मूठभर चुका तोंडात टाकायच्या, जिभेने एकेक ओठांशी आणायची, हातोडीच्या टोकाने उचलायची आणि ठक्. दुसरा हात कापड ताणून धरण्यात गुंतलेला. मग बोलणार कशाने? कात्री हवी असेल तर दोन बोटं हलतात. दार लावायचं असेल तर नुसती भुवई. गिऱ्हाईक कापडाच्या रंगावरून काथ्याकूट करत बसलं, की हातोडी खाली ठेवून दोन्ही हात जोडतात. म्हणजे, पुरे झालं, आता थांबा.

संसार मोडल्यावर हत्यारांची पिशवी घेऊन त्या आमच्याकडे आल्या. यांच्या त्या थोरल्या बहीण. तळमजल्याची रस्त्याकडची खोली त्यांना दिली. पुढे दुकान, मागे खाट. तेव्हापासून त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी तशीच खातात. म्हणून एक दिवस जेवताना त्या “मला कुत्रा पाळायचाय” म्हणाल्या, तेव्हा यांचा घास हातातच राहिला.

“पाळ की, ताई. एखादा लहानसा, मांडीवर बसणारा.”

“मांडीवर माझ्या खुर्च्या असतात,” वन्सं म्हणाल्या.

लोकांनी सोडून दिलेले कुत्रे ठेवतात, तिथे मी त्यांच्याबरोबर गेले. आम्ही आत पाऊल टाकलं मात्र, सगळे पिंजरे एकदम भुंकायला लागले. एकच गडी आमच्याकडे पाठ करून पसरला होता. पांढराशुभ्र, अंगाने ठासून भरलेला, डोकं अंड्यासारखं, डोळे बारीक नि तिरके. बुल टेरियर. मला तो कुत्रा आणि डुक्कर यांच्या अधलामधला वाटला. वन्संनी मोडकी खुर्ची तपासावी तसा तो तपासला. सांधे दाबले, दात पाहिले, जेवणाची वाटी पुढे ठेवून मध्येच काढून घेतली. तो गुरगुरला नाही.

“आधीच सांगतो,” तिथला रखवालदार म्हणाला, “दोन घरांनी परत आणून सोडलाय. चावत नाही, पण कुणाचं ऐकत नाही. तिसऱ्यांदा परत आला तर याला कोणी नेणार नाही.”

“एवढ्या गोंगाटात शांत आहे,” वन्सं मला म्हणाल्या. “घरात लेकरू आहे. असाच हवा.”

मलाही ते पटलं.

लेकरू म्हणजे आमची चिमणी, नुकती शाळेत जायला लागलेली. कुत्रा घरात आला आणि माझ्या जिवाला घोर लागला. भांडी घासताना मध्येच हात थांबायचा. चिमणी कुठे? तो कुठे? देवाचं नाव घेत जिना उतरायचे, दोघं दोन टोकांना दिसली की परत वर. पुन्हा तेच. हाका मारून मारून घसा सुकायचा आणि हा ढिम्म. त्याचं नाव ठोंब्या पडलं ते यांच्यामुळे. दुकानात मात्र त्याच्यासारखा गुणी कुणी नाही. वन्संनी पाय आपटला की हजर, बोट दाखवलं की बसलाच.

“ताईचं बरं ऐकतो. आपल्यापुढे सोंग घेतो,” हे म्हणायचे.

मला एकच दिलासा होता. सकाळी मी हात जोडून प्रार्थनेला बसले, की ठोंब्या जिना चढून येई आणि समोर बसून राही, पापणीसुद्धा न हलवता. कुणाचं नाही तर नाही, देवाचं नाव तरी ऐकतो, असं मला वाटे. त्याला नीट ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हणायला लागले होते.

एका सुट्टीच्या दिवशी हे त्याला फिरवायला घेऊन गेले. रस्त्यापलीकडे मांजर दिसलं. हिसका असा बसला, की पट्टा यांच्या हातातून निसटला. हे ओरडत मागे धावले, ठोंब्याने वळूनही पाहिलं नाही. बसने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. हे घरी आले ते पांढरेफटक पडून.

“उद्या सकाळी परत नेऊन सोडतो. आज तो मेला असता, ताई. उद्या चिमणी त्याच्या मागे धावली तर?”

वन्संच्या तोंडात तेव्हा एकही चूक नव्हती. त्यांनी मूठभर चुका उचलून तोंडात टाकल्या.

सकाळी प्रार्थनेत माझं मन लागेना. ठोंब्या नेहमीसारखा समोर बसला होता. हे साखळी घेऊन दारात आले.

“चल रे, ठोंब्या.”

तो माझ्याकडेच बघत राहिला. यांनी त्याच्या कानामागे टाळी वाजवली. कान हलला नाही. हे चिडले. डब्याचं झाकण उचलून दाराच्या चौकटीवर आपटलं. मी दचकले, हात सुटले. ठोंब्या उठून उभा राहिला. घाबरून मी पुन्हा हात जोडले, तो बसला. सोडले, उठला. जोडले, बसला.

“अहो,” मी म्हटलं, “हा प्रार्थना ऐकत नाही. वन्सं हात जोडून गिऱ्हाइकाला थांबवतात ना, तसा हा थांबलाय.”

हे झाकण धरून तसेच उभे. “ऐकत नाही म्हणजे… याला ऐकूच येत नाही?”

दुकानाची जमीन लाकडी आहे. वन्संनी पाय आपटला की हादरा त्याच्या पंजांना कळे. वर आमच्याकडे फरशी, तिला कसला हादरा. माझं एवढं मोठमोठ्याने म्हणणं वायाच गेलं होतं. देवाला तरी पोचलं असेल, असं म्हणून मी समाधान मानलं.

साखळी दवाखान्याकडे वळली. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, दोन्ही कान जन्मापासून बंद. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये असं होतं, घरी आणण्याआधी कान तपासून घ्यायचे असतात. पट्ट्याशिवाय रस्त्यावर नको. रोज दमेपर्यंत चालवा. मूल आणि तो, दोघंच कधी नकोत. आणि झोपेत एकदम हात लावायचा नाही, दचकून तोंड टाकेल. झोपेत हात लागण्याची सवय त्याला लावायची तर मोठ्यांनीच. खांद्यावर एकाच जागी हलका हात ठेवायचा आणि जाग आली की लगेच खाऊ द्यायचा.

“हे तर आणखी वाईट,” घरी आल्यावर हे म्हणाले. “चिमणी खेळता खेळता त्याच्या अंगावर पडली तर?”

“मी दार लावून घेईन,” वन्सं म्हणाल्या. “आम्ही दोघं खालीच राहू. मी जेवायलाही वर येणार नाही.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला फार लागलं. कुत्रा गेला, तर आज ना उद्या वन्संही पिशवी उचलतील, हे मला दिसत होतं. आणि कुत्रा राहिला, तर माझं लेकरू. दोन्हीकडून जीव तुटत होता.

“घर तू सांभाळतेस,” हे मला म्हणाले. “तूच सांग.”

“आधी मी हात लावून बघते,” मी म्हटलं.

दुपारी चिमणीला खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. ठोंब्या फरशीवर घोरत होता. मी चीजचा तुकडा घेतला, देवाचं नाव घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात टेकवला. तो विजेसारखा वळला. माझं मनगट त्याच्या जबड्यात होतं. दात टेकले, दाबले नाहीत. मग त्याने मला पाहिलं, तोंड उघडलं आणि शेपूट हलवायला लागला.

वन्सं जिन्यात उभ्या होत्या.

“लागलं?”

“नाही.”

“खरं सांग गं.”

मी मनगट दाखवलं. नुसती लाळ होती. चीज हातातून केव्हाच पडलं होतं आणि ते त्याने खाऊनही टाकलं होतं.

“राहू दे,” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. “मीच नेऊन सोडते त्याला. माझ्या हौसेपायी तुझा हात नको जायला.”

“तुम्ही बसा इथे,” मी म्हटलं. “त्याला झोपू दे. पुन्हा करू.”

मग रोज दुपारी तेच. कधी मी, कधी वन्सं. एखाद्या दिवशी तो शांतपणे डोळे उघडायचा, एखाद्या दिवशी झटक्याने वळायचा आणि माझी रात्रीची झोप जायची. यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पट्ट्याला मनगटात अडकवायला दुसरी कडी तेवढी बसवून आणली. काल मी हात ठेवला तेव्हा ठोंब्याने डोळेही उघडले नाहीत. पोट वर करून सुस्कारा टाकला.

“आई, आता मी लावू हात?” दारातून चिमणीने विचारलं.

“अजून नाही,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.