जीपची बैठक

सत्याऐंशी साल. मी चौतीस वर्षांचा होतो आणि गावच्या दूध सोसायटीचं दूध माझ्या जीपमधून नेकनूरच्या डेअरीत पोचवत होतो. जीप माझी स्वतःची, मिलिटरीच्या लिलावातली. शाळा मी चौथीत सोडली, पण त्या जीपचा एकेक नट माझ्या हाताला कळायचा.

भरल्या जीपची बैठक काय सांगू! दुधाचे आठ कॅन चढले की मागची बाजू दबायची, चाकं मडगार्डात शिरायची, आणि जीप जमिनीला अशी धरून बसायची की बघत राहावं. वळणावर डुलायची नाही. हॉटेलासमोरून निघालो की चहा पिणारे म्हणायचे, "बसली रे आज गाडी!" म्हणजे दूध लई झालं. दूध त्यांच्या म्हशींचं, पण बैठक माझ्या जीपची. आता बीडला पोरं स्प्रिंगा कापून मोटारी खाली बसवतात. मी थांबून बघतो. पण तशी बैठक पुन्हा बघितली नाही.

मग पाऊस गेला. म्हशी आटल्या. आठातले दोन कॅन भरायचे, बाकीचे खडखडत जायचे. जीप मागून उंच दिसायची, उघडी पडल्यासारखी. हॉटेलातला एकजण रोज ओरडायचा, "काय बे, तुझी जीप शेपूट वर करून पळायली की!" सगळे हसायचे.

मला ते सोसलं नाही. बीडच्या माझ्या मिस्त्रीच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यात परदेशातली लाल रेसची गाडी. पोट आणि रस्ता यांत चार बोटं अंतर. झेप घ्यायच्या आधी कुत्रं दबून बसतं तशी ती बसलेली. मिस्त्री सांगायचा, "जितकी खाली, तितकी पकड."

मी म्हणालो, "माझी बसव."

"जीप हाय ती, भाऊ. खड्ड्यात पोट घासंल."

"घासू दे."

त्यानं मागच्या दोन्ही कमानींतले, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांतले, दोन-दोन पोलादी पाटे काढले. जीप खाली आली. रिकामी असून भरल्यासारखी! मी लांब जाऊन उकिडवा बसलो आणि पोटभर बघितली. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आठवडा मजेत गेला. हॉटेलात कुणी शेपटाचं नाव काढेना. दगडाला पोट घासायचं, तो आवाजही मला गोड लागायचा.

एका संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन दारात आले. वयानं मोठे, मी त्यांना आण्णा म्हणायचो. गावाला सरकारी चारा डेपो मागायला ते बीडला गेलते. उभ्यानंच बोलले, "सायेब डेपो देईना. म्हणला, परवा रस्त्यात तुमची दुधाची जीप बघितली, बुडानं रस्त्याला टेकलीती. इतकं दूध देणाऱ्या जनावरांना चारा कमी कसा पडंल?"

मी दारातल्या जीपकडं बघितलं.

"दोन कॅन दूध असतंय आपलं. मंग गाडी कशानं बसलीया?"

"पाटे काढलेत, आण्णा."

"कशापायी?"

"बरी दिसती."

आण्णांनी माझ्या गोठ्याकडं बोट केलं. म्हशीच्या बरगड्या दारातून मोजता येत होत्या. "ही बरी दिसती का बघ. चारा न्हाई आला तर आठ दिवसात गावची सगळी जनावरं बाजारात उभी करावी लागतील."

"मी पुन्हा शेपूट वर करून हॉटेलावरनं जाणार न्हाई," मी बोललो. हट्टच तसा माझा.

"नको जाऊ," आण्णा म्हणाले आणि वळून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पोत्यात गुंडाळलेले पाटे बाहेर काढले. जीप हॉटेलासमोरच जॅकवर चढवली आणि सगळ्यांच्या देखत पाटे परत बसवायला घेतले. शेपूट म्हणणाऱ्यानं तोंड उघडलं, तसा त्याच्याच हातात पाना दिला. "आवळ, बे." त्यानं आवळलं. मग आण्णांना शेजारी बसवलं, नेकनूरला दोन कॅन उतरवले, उरलेल्या रिकाम्यांची झाकणं उघडी टाकली आणि तसाच बीडला गेलो. कचेरीत जीप उलटी लावली, साहेबाच्या खिडकीसमोर, मागची उंच बाजू त्याच्याकडं करून.