बाटलेली माती

"पाय काढ."

नानांनी आवाज चढवला नाही. गरजच नव्हती. धुळ्यातला जीन त्यांचा, जीनमधला कापूस त्यांचा, तालीम त्यांची. आणि त्या तालमीच्या हौदात, ताज्या तांबड्या मातीत, माझा उजवा पाय घोट्यापर्यंत रुतलेला.

आता हा पाय तिथे गेला कसा, ते ऐका.

नागपंचमीच्या कुस्त्यांआधी हौदातली माती बदलायची रीत होती. माती माळावरून खणून आणायची आम्ही, गावकुसाबाहेरच्यांनी. डोक्यावरून, तालमीच्या उंबऱ्यापर्यंत. पुढे आतली पोरं ती चाळत, तिच्यात ताक, तिळाचं तेल, हळद, कापूर घालत. उंबऱ्याबाहेर ती आमच्या घामाने भिजली तरी शुद्ध. पण एकदा ताक प्यायली, की तिच्यावर आमची सावलीसुद्धा नको. एवढी नाजूक तब्येत मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

त्या दिवशी वरच्या भरावासाठी शेवटची टोपली घेऊन गेलो, तर उंबऱ्याशी कोणी नव्हतं. दार सताड उघडं. आत हौद तयार. थंड, मऊ, हळदीचा वास सोडणारा. तोल गेला असेल, असं वस्तीत सगळे म्हणत राहिले. तोल वगैरे काही गेला नव्हता. पाय मी टाकला. लोण्यात टाकावा तसा.

पोरांनी काठ्या उचलल्या. नानांनी हाताने थांबवलं. माझ्या बाला बोलावलं. बा दरसाल नानांच्या कुस्त्यांना डफ वाजवायचा. त्याच्या डफाशिवाय जोड सुटत नसे.

"डफवाल्या," नाना म्हणाले, "तुझ्या पोराने माती बाटवली. सगळी तोच काढील. भर बाजारातून नेईल आणि पांझरा नदीत टाकील. तू पुढे वाजवत चाल. लोकांना कळायला नको का?"

आणि हसले. हसताना त्यांचे दात दिसत नसत. दिसले असते तर मला कमी भीती वाटली असती.

निघाली वरात. पुढे बा डफ वाजवतोय, मागे मी टोपली घेऊन. टोपली रिकामी झाली की परत तालमीत, परत बाजार. ऊन तापलेलं. घामाबरोबर मातीतली हळद कपाळावरून, गालांवरून गळ्यात उतरली. किराण्याच्या ओट्यावरून एकजण ओरडला, "अरे, नवरदेवाला हळद लागली! नवरी कुठंय?"

"पांझरेत बसलीय पाय सोडून!"

अख्खा बाजार हसला. विनोद बरा होता, हे मी आज कबूल करतो. त्या दिवशी मला तोंड कुठे लपवावं कळत नव्हतं. बा एक ठोका चुकला नाही. फक्त त्याची मान फेरीगणिक खाली जात होती.

इथे त्या शहाण्यांची चूक झाली. नानांची माणसं पाळत ठेवायला बरोबर होती, पण आमच्या वस्तीच्या तोंडाशी थबकली. आत पाय कोण टाकणार? बाटायचं का? नदी वस्तीच्या पलीकडे. म्हणजे शेवटच्या तुकड्यावर मी, बा आणि माती. बघणारं कोणी नाही.

तिथे अक्का उभी होती, माझी थोरली बहीण. जीनमध्ये सरकी वेचायची. जिभेने जीनच्या मुकादमालाही सोलून काढायची.

"नदीमा कसाले टाकस?" ती म्हणाली. जुन्या वीटभट्टीचा खड्डा दाखवला. "आठे टाक. माटी शे ती. तिले काय माहीत कोना पाय शे?"

सांज व्हायच्या आत नानांचा अख्खा हौद आमच्या खड्ड्यात आला. ताकासकट, तेलासकट. त्यांनीच हुकूम दिला, त्यांनीच वाजवत पोचवला.

मला तेव्हा हसू आलं नाही. माझ्या डोळ्यापुढे घरातला कोयता होता. हात थरथरत होते. नानांचं घर, नानांची मान, एवढंच डोक्यात. घराकडे वळलोही होतो. वाटेत खड्डा आला. का ते ठाऊक नाही, मी त्यात उतरलो, मातीत पंजे रोवले आणि जोर मारू लागलो. तालमीच्या भिंतीच्या फटीतून बघून ठेवलेले जोर. छाती खाली, मान वर. खाली, वर. दंड फाटेपर्यंत. मग बैठका. मग भुईला टेकलो. श्वास भात्यासारखा चालला होता. पण हात थांबले होते.

राग गेला नव्हता. निवला होता. तापल्या रागाने माणूस फासावर जातो. निवलेला राग जपून ठेवता येतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तर जीनच्या फाटकातच मुकादमाने मला अडवलं. "नानांनी नको म्हटलंय." मी तिथून खड्ड्यात आलो, बैठका मारल्या आणि मग जळगावची वाट धरली. तिथे कापसाच्या गाठी उचलल्या. हिवताप लागला, अंगाची काडी झाली, काम गेलं. भिंतीला हात टेकून उभ्याउभ्या जोर काढले. भिंत मला हसत असावी. आधी एकच निघाला. मग दोन. एवढं कळलं, की बाहेर काहीही मोडो, सकाळी अंग हललं की दिवस माझ्या हातात राहतो. नाही हललं तर दिवस नानांच्या हातात.

परतलो तेव्हा खड्डा रिकामा नव्हता. वस्तीतली जाणती पोरं त्यात घुमत होती. कुणाचं काम गेलेलं, कुणी दारू सोडत असलेलं, कुणाची बायको गेलेली. घरून रडवेले येत, घामाने निथळत परत जात. अक्का काठावर बसून सगळ्यांवरून बोट फिरवत म्हणायची, "बठ्ठा रेडा एकाच डबक्यात!"

मग दुसरी नागपंचमी जवळ आली. खुणा आधी दिसल्या. एका सकाळी जोराला पंजा टेकवला आणि तळहात चिरला. मातीत काच होती. एखादी नव्हे, बारीक कुटून, मिसळून टाकलेली. जशी हळद मिसळतात तशी. वस्तीतल्या बाया चाळण्या घेऊन बसल्या. नुसता चाळण्यांचा आवाज.

माती चाळून झाली आणि नाना टांग्यातून आले. वस्तीच्या तोंडाशी थांबले. खाली उतरले नाहीत.

"ऐकलं, व्यायाम करतोस. छान. पण कशाला रे? ओझी वाहायला तेवढं अंग पुरे होतं की." मग माझ्या बापाकडे वळले. "डफवाल्या, उद्या कुस्त्या. लवकर ये. आणि येण्याआधी तो खड्डा बुजव. गवताची घरं तुमची. उगाच काही झालं तर मला वाईट वाटेल."

दात दिसले नाहीत.

सगळे बाच्या तोंडाकडे बघत होते. जन्मभर त्याने या माणसापुढे 'हो नाना' याखेरीज शब्द उच्चारला नव्हता. त्याने डफ काखेत घट्ट धरला.

"उद्या मी आठेच वाजाडसू, नाना."

टांगा वळला. चाकांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी नानांच्या हौदावर डफ नव्हता. आमच्या खड्ड्यावर होता. वारा गावाकडे होता, ठोका त्यांच्या मंडपापर्यंत जात होता. आमची पहिली जोड लागली न लागली, तोच नानांची माणसं आली. गेल्या साली वस्तीत पाय टाकायला बाटत होती. या साली पायताणासकट आली. घरं जाळली नाहीत. त्यांना तेवढं नको होतं. त्यांनी बाचा उजवा हात दगडावर ठेवला.

तो आवाज मी सांगणार नाही.

खड्डा बुजवला आणि गेले. आम्ही बाला खाटेवर घेतलं. माझा डोळा पुन्हा कोयत्याकडे गेला. बाने ते पाहिलं. फळ्या बांधलेला हात पोटावर धरून म्हणाला, "डावा शे ना अजून. तू माटी काढ."

मी काढली. सगळ्यांनी काढली. बा डाव्या हाताने वाजवायला शिकला. वाईट वाजवायचा. मी अजून कुठे इतका वाईट डफ ऐकला नाही, आणि दुसरा कुठलाही डफ मला ऐकवत नाही.

बा गेला. नाना गेले. आता नानांचा मुलगा आहे. तो हसताना दात दिसतात, एवढाच फरक. परवा त्याचा माणूस येऊन वस्तीच्या कडेने खुंट्या ठोकून गेला. इथे नवं गोदाम व्हायचं आहे म्हणे. एक खुंटी आमच्या हौदाच्या मधोमध ठोकली आहे.

मी पन्नाशीला आलोय. गुडघे कुरकुरतात. आज सकाळी उतरलो, खुंटी उपटली, काठावर ठेवली आणि जोर मारले. उद्या तो परत ठोकील. मी परत उपटीन. माणसं आणील, तेव्हाही मी इथेच असेन. आधी माझा जोर पुरा होईल, मग बोलू.

पाय मातीत आहे. काढणार नाही.